भाऊ एकट्यानं बाजार करायला शिकतोय. तुमचे अनुभव हवेत

तटाकडची_ताई | रविवार, रात्री ९.४०

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. घरात त्याला बाळू म्हणतात, त्यामुळे गल्लीतही बाळूच.

गेल्या दिवाळीत ऐन फराळाच्या दिवसांत आई आजारी पडली आणि साखर संपली. मी कामावर होते. बाळू घरात होता. किराणा दुकान आमच्या दारातून दिसतं, ऐंशी पावलांवर आहे. तरी साखर आणून दिली ती शेजारच्या सातवीतल्या पोरानं. त्या रात्री मला झोप आली नाही. बाळू आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळ्याला एकटा चक्कर मारून येतो, अंबाबाईच्या देवळात रांगेत शांत उभा राहतो, दिवाळीच्या पणत्या माझ्यापेक्षा सुबक रंगवतो. आणि ३१ वर्षांत घरातल्या एकानंही त्याला ‘जा, साखर घेऊन ये’ म्हटलं नव्हतं. पैसे त्याच्या हातात यायचे ते फक्त भाऊबीज-राखीला मी कौतुकानं ठेवलेले, आणि तेही लगेच आईच्या डब्यात जायचे.

दुसऱ्या दिवशी मी चौथीच्या गणिताची वही आणून त्याला बेरीज-वजाबाकी शिकवायला बसले. ती चूक होती. ५० वजा ३७ आलं की तो पेन ठेवून उठायचा. तीन आठवडे गेले, दोघेही वैतागलो. मग विशेष शाळेत शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, शेवटून सुरू कर. म्हणजे दुकानात सगळं मी करायचं, शेवटची पिशवी उचलणं त्याचं. ते जमलं की उरलेले पैसे घेऊन पाकिटात ठेवणं त्याचं. मग पैसे देणं. मग मागणं. सगळ्यात शेवटी घरून एकट्यानं निघणं. दर वेळी तो काम पुरं करूनच घरी यायचा, मध्ये अडकून मला हाक मारायची वेळ यायची नाही. हे इतकं साधं मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

मी कुठं उभी राहते तेही सरकवत नेलं. आधी त्याच्या शेजारी, मग दुकानाच्या पायरीखाली, मग समोरच्या चहाच्या गाड्याजवळ, मग गल्लीच्या तोंडाशी. होळीपर्यंत मी आमच्या दारात होते. मे महिन्यात मी कामावर होते आणि त्यानं साखर, चहापूड आणि आईचं रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. गोळ्यांसाठी जुनं पाकीट दाखवायला दिलं होतं.

आता धागा काढण्याचं कारण. पंधरा दिवसांपूर्वी सोमवारी मी त्याला पाठवलं. आमच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते, हे मी विसरले. बाळू बंद शटरसमोर पावसात पाऊण तास उभा होता. आजूबाजूच्यांनी सांगितलं होतं त्याला, ‘आज बंद हाय रे बाळू’. पण बंद असेल तर काय करायचं हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं. संध्याकाळी दोघीतिघी घरी येऊन आईला म्हणाल्या, कशाला त्या बिचाऱ्याला पाठवता. आईनं तेव्हापासून त्याला सोडलेलं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. अचानक काही वेगळं झालं तर काय करायचं, हे तुम्ही कसं शिकवता? आणि दुसरी मला जास्त टोचते. मी सोबत असले की दुकानदार बाळूकडे बघतच नाही. बाळू मागतो आणि दुकानदार मला विचारतो, ‘किती देऊ?’ हे कसं बदलायचं?

खडू_फळा | रविवार, रात्री १०.२५

ताई, मी १८ वर्षं विशेष शिक्षिका आहे, आणि सोमवारचं शटर माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कुठेतरी भेटलंय. आपण नीट घडणारी गोष्ट शिकवतो. बाजार रोज थोडा बिघडलेला असतो.

म्हणून बिघाड मुद्दाम घडवायचे. ओळखीच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं की आज साखर ‘नाही’ म्हणा. तुम्ही जवळ असताना. पहिल्या वेळी तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, खिशाकडे बोट दाखवायचं. खिशात एक कार्ड. एका बाजूला बंद दुकानाचा फोटो आणि शेजारी घराचा फोटो, म्हणजे बंद असेल तर सरळ घरी. दुसऱ्या बाजूला रिकाम्या बरणीचं चित्र आणि खाली ‘दुसरीकडे मिळेल का?’ एका वेळी एकच बिघाड. आठवडाभर दुकान ‘बंद’, पुढच्या आठवड्यात वस्तू ‘नाही’, मग ‘सुट्टे नाहीत’, मग मुद्दाम कमी पैसे देऊन पाठवायचं. पैसे कमी पडले की एक वस्तू परत ठेवायची, हे शिकायला माझ्या एका विद्यार्थ्याला चार महिने लागले. पण आता तो ते इतक्या शांतपणे करतो की मागची रांगही शांत राहते.

गणिताबद्दल. आपले मराठी आकडे या मंडळींना फार छळतात. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो आणि चाळीस नंतर, लिहिताना उलटं. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतं, पण आकडा तिशीतला. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा गदारोळ झाला होता. शाळेतल्या सगळ्या मुलांसाठी ती बरी की वाईट, त्यात मी शिरत नाही. माझ्या वर्गात मात्र ती आधीपासून होती आणि तिनं माणसं बाजारात उभी केली. दुकानदाराला एवढंच सांगायचं, ‘चाळीस आणि तीन’ म्हणा, किंवा कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवा.

आणि वजाबाकी पूर्ण सोडून द्या. पाकिटात फक्त दहाच्या नोटा ठेवा. ‘चाळीस’ ऐकलं की चार नोटा, पुढे ‘आणि’ ऐकलं की वर एक. आम्ही याला ‘वरची नोट’ म्हणतो. चाळीस आणि तीन असो की चाळीस आणि नऊ, नोटा पाचच. नेमके पैसे देता येत नाहीत म्हणून आयुष्यभर दुकानात न जाणं हा फार मोठा दंड आहे.

किराणा_भुसार | रविवार, रात्री ११.१०

ताई, मी लक्ष्मीपुरीत दुकान चालवतो. वडिलांच्या जागेवर बसून २२ वर्षं झाली. तुमचा दुसरा प्रश्न माझ्यासारख्यालाच आहे म्हणून लिहितोय.

होय, आम्ही सोबतच्या माणसाशी बोलतो. त्यात तुच्छता नसते हो. संध्याकाळी सहा ते आठ गिऱ्हाईक अंगावर येतं, जो पटकन बोलेल त्याच्याकडे मान वळते. पण त्याचं असं होत असेल हा विचार आज पहिल्यांदा केला. आमच्याकडे एक मुलगा यायचा, आईबरोबर. तो चिठ्ठी पुढं करायचा आणि मी ती त्याच्या हातातून घेऊन माल आईपुढं ठेवायचो. तीनचार वर्षं चाललं असेल. त्याला काय पाहिजे हे एकदाही विचारलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीय.

दुकानदाराच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो. एक, वेळ. दुपारी अडीच ते चार दुकानात माशा असतात. तेव्हा पाठवा, आम्हाला थांबायला वेळ असतो. दोन, आधी एकदा येऊन सांगून जा. ‘हा माझा भाऊ, तो स्वतः मागेल, जरा थांबा, मला विचारू नका’, एवढं तोंडावर सांगितलं तर कुठल्याही दुकानदाराला राग येत नाही. उलट आम्हाला कळत नाही म्हणून आम्ही घाई करतो.

कळंब्याची_आई | सोमवार, सकाळी ७.१५

सगळ्यांचं वाचलं. पण माझी मुलगी २४ वर्षांची आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आणि ती कुणाचाही हात धरते. कोणी ‘चल’ म्हटलं की चालू लागते. भावाला पाठवणं आणि मुलीला पाठवणं एक नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात तिच्या शंभराच्या नोटेतले पैसे परत दिलेच नाहीत. मी मागायला गेले तर म्हणे, तिनं चॉकलेट घेतलं. तिनं घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला एकटी सोडलेली नाही, आणि मला कोणी भित्री म्हटलं तरी चालेल.

तटाकडची_ताई | सोमवार, सकाळी ७.५०

काकू, तुम्हाला कोणीही भित्री म्हणणार नाही. बाळू पुरुष आहे म्हणून मला जे धाडस करता आलं ते मला मुलीच्या बाबतीत इतक्या सहज झालं नसतं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

खडू_फळा | सोमवार, दुपारी २.०५

काकू, एकटीनं जाणं हेच ध्येय धरायला पाहिजे असं नाही. तुम्ही शेजारी उभ्या असताना तिनं दोन साबणांतला एक निवडला, काउंटरवर ठेवला, नोट दिली, तर बाजार तिनं केला. तुम्ही फक्त तिच्याबरोबर गेलात. माझ्या वर्गातल्या काही जणांना आयुष्यभर सोबत लागणार आहे. त्यातली एक बोलत नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला बांगड्या घेताना तिनं तीन डझन बाजूला सारून चौथ्यावर हात ठेवला. सोबतच्या बाईंना हिरव्या आवडल्या होत्या, हिनं जांभळ्या घेतल्या.

कोणाबरोबर जायचं, कोणाचा हात धरायचा, हा वेगळा धडा आहे आणि तो बाजाराच्या आधी घरात द्यायचा. बाजार थांबवून तो येत नाही, हेही मी पाहिलंय.

पैसे परत न देण्याचं म्हणाल तर कापडी पाकिटाला दोन कप्पे शिवा. एकातून द्यायचं, दुसऱ्यात परत आलेलं ठेवायचं, आणि पावती मागायची. मोजणी घरी तुमच्याबरोबर. पैसे दोनतीन वेळा कमी आले की दुकान बदला आणि दुकानदाराला कारण सांगा. मुलीला घरी बसवणं म्हणजे त्याच्या चुकीची शिक्षा तिला.

स्पर्शरेषा | सोमवार, सायंकाळी ६.३०

मी पूर्ण अंध आहे, राजारामपुरीत राहतो, वय ४४. माझी अडचण वेगळी, पण नोटांबद्दल सांगतो, बाळूलाही उपयोग होईल.

नव्या मालिकेत १००, २०० आणि ५०० या तिन्ही नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६ आणि १५०. म्हणजे बोटानं ओळखायचं ते चार मिलिमीटरच्या फरकानं, आणि तेही गर्दीत. कडेला उंचवट्याच्या रेघा असतात, शंभरला चार आणि पाचशेला पाच. नोट कोरी असेपर्यंत लागतात. बाजारात दोन वर्षं फिरलेल्या नोटेवर काही लागत नाही. म्हणून मी घरी घडी घालून निघतो. शंभर एकदा दुमडलेली, दोनशे दोनदा, पाचशे लांबीत. परत मिळालेली नोट हातात आली की तिथंच दुकानदाराला विचारतो आणि घडी घालतो. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप आहे, २०२० च्या जानेवारीत आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किंमत बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. घरी उत्तम. काउंटरवर मागं चार माणसं असताना मी ते काढत नाही.

ज्यांना दिसतं पण आकडा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी रंगांची एक सूचना. वीस आणि दोनशे दोन्ही पिवळ्या. वीस हिरवट पिवळी, दोनशे भडक पिवळी, पण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली माझ्या भाच्यालाही फसगत होते. बाळूच्या पाकिटात दोनशेची नोट ठेवूच नका.

आणि दुकानातली ती बोलणारी पेटी, ‘इतके रुपये प्राप्त झाले’ म्हणणारी, ती दुकानदारासाठी आहे. पण तिचा सगळ्यात जास्त फायदा मला झालाय. दुकानदारानं किती आकारले ते मला माझ्या कानानं कळतं.

पुण्यातला_करवीरकर | सोमवार, रात्री ९.००

माझा चुलतभाऊ ३५ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे, उत्तरेश्वर पेठेत आईवडिलांबरोबर राहतो. त्याला नोटांना हात लावायला आवडत नाही, फोन मात्र लख्ख येतो. त्याच्या नावावर खातं नाही. क्यूआर स्कॅन करून पैसे देता यावेत अशी काही सोय आहे का? काकांना भीती आहे की कोणी फसवून सगळं खातं रिकामं करेल.

स्पर्शरेषा | सोमवार, रात्री ९.४५

यूपीआय सर्कल बघा. २०२४ साली आलं. खातं काकांचं, पण भावाच्या फोनला त्यातून पैसे द्यायची मुभा देता येते. दोन प्रकार. एकात भावानं स्कॅन केलं की काकांच्या फोनवर विचारणा येते, काकांनी पिन टाकला तरच पैसे जातात. दुसऱ्यात काका महिन्याची मर्यादा ठरवून देतात आणि त्या आत भाऊ आपला आपण देतो. जास्तीत जास्त महिन्याला १५ हजार, एका वेळी ५ हजार. मर्यादा पाचशेची ठेवली तरी चालते. पहिल्या प्रकारानं सुरुवात करा आणि महिनाभरात दुसऱ्यावर जा, नाहीतर काका मीटिंगमध्ये आणि भाऊ काउंटरवर ताटकळत, असं होतं.

खडू_फळा | सोमवार, रात्री १०.१०

आणि खात्याबद्दल. अपंगत्व आहे म्हणून खातं नाही, असं गृहीत धरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मालमत्ता आणि पैशाचे व्यवहार करण्याचा हक्क इतरांइतकाच मान्य केलाय. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना पालकत्वाची गरज असेलच, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. पण अठरा पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहतात, हा समज चुकीचा आहे. खूप घरांत हे बँकेच्या काउंटरवर कळतं.

चाकांवर | मंगळवार, सकाळी १०.२०

मी व्हीलचेअर वापरते. मला आकडे येतात, नोटा दिसतात, बोलता येतं. तरी महाद्वार रोडला मी साडी दुकानाबाहेर बसून घेतलीय. तीन पायऱ्या. मालक भला माणूस, गठ्ठे बाहेर घेऊन आला, पण साडी अशी दहाबारा जणांच्या नजरेसमोर रस्त्यावर उलगडून बघायची नसते. गादीवर बसून, चहा घेत, चार बाजूला टाकून घ्यायची असते.

नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली याच गावात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली, स्वतः चाकाच्या खुर्चीवर राहून. उचगावला मुलांसाठी वसतिगृह उभं केलं. त्या गावातल्या दुकानदाराला रॅम्प म्हणजे काय हे समजावायला लागू नये असं मला मनापासून वाटतं. लाकडी फळी चालते. उतार मात्र सौम्य हवा, पायरीच्या उंचीच्या बारापट लांब. तीन पायऱ्यांना ते शक्य नसतं हे मला कळतं. एका पायरीला शक्य असतं.

बाळूसाठी माझी एकच सूचना. त्याला ‘अहो’ म्हणायला सांगा दुकानदाराला. ३१ वर्षांच्या माणसाला अख्खी गल्ली ‘बाळू’ आणि ‘अरे’ म्हणते तोवर त्याच्या हातातली नोट मोठ्या माणसाची वाटत नाही कुणाला.

तटाकडची_ताई | मंगळवार, रात्री ८.३०

तुमचं शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्याचं कागदावरचं नाव तर माझ्याही तोंडात येत नाही.

तटाकडची_ताई | पुढचा शुक्रवार, रात्री ९.१५

आठवडा झाला, काय काय झालं ते सांगते.

बंद दुकानाचं कार्ड केलं. आमच्याच दुकानाच्या बंद शटरचा फोटो सोमवारी काढून आणला. मंगळवार ते गुरुवार दुकानदारांना सांगून दुपारी तीनला शटर अर्धं ओढून ठेवायला लावलं. त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. पहिल्या दिवशी बाळू वाकून शटरखालून आत बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड काढलं, बघितलं आणि तिथंच उभा राहिला. तिसऱ्या दिवशी कार्ड न काढता परत आला आणि दारातूनच ओरडला, ‘बंद!’ आईनं त्याला चहा दिला.

वरची नोट दोन दिवसांत जमली. मी तीन आठवडे त्याच्याकडून वजाबाकी करून घेत होते.

अडचण निघाली ती पावसाची. एका हातात छत्री, एका हातात पिशवी, पाकीट कशानं उघडायचं? शेवटी गळ्यात अडकवायचं पाकीट शिवलं आणि छत्रीऐवजी रेनकोट घेतला. ज्यांच्या हातांची पकड कमी आहे त्यांनी हे आधीच बघून घ्या.

दुकानदारांनी ‘काय देऊ हो?’ म्हणायला सुरुवात केलीय. बाळू पहिल्यांदा मागं वळून बघायला लागला, कोणाला विचारतायत म्हणून.

आता त्याला भाजी घ्यायची आहे. हे त्याचं त्यानं सांगितलं. कपिलतीर्थ मार्केट आम्हाला जवळ, पण तिथं भाव रोज वेगळा, पाटी नाही, मेथीची पेंडी कधी दहा, कधी पंचवीस, आणि टोमॅटोचा वाटा घेताना मावशी खालचे दबलेले घालते. हे कसं शिकवायचं?

किराणा_भुसार | शुक्रवार, रात्री १०.००

भाजीला एकच मावशी धरा. रोज तीच. गिऱ्हाईक रोजचं झालं की दबलेला टोमॅटो ती स्वतः बाजूला काढते, हा बाजाराचा नियम आहे. भावाची काळजी सुरुवातीला करू नका, वीस रुपयांत जेवढं येईल तेवढं घ्यायचं. ‘मावशी, वीसची मेथी द्या’. पैसे ठरलेले, माल बदलेल.

आणखी एक. माझं दुकान मंगळवारी दुपारी अडीच ते चार तुमच्यासाठी मोकळं ठेवतो. चूक झाली तरी चालेल, ‘नाही’ म्हणायचं असेल तर आधी कानात सांगा, शटर ओढायचं असेल तर ओढतो. एका पायरीला फळी करून घेतोय, सुताराला सांगितलंय, बारापट लांब. ‘चाकांवर’ताई, आधी तुम्ही येऊन बघा, नाहीतर चुकीची करून बसायचो.

कळंब्याची_आई | शनिवार, सकाळी ६.५०

मंगळवारी मी मुलीला घेऊन येते. मी तिच्या शेजारीच उभी राहणार. पण बोलणार नाही.

किराणा_भुसार | शनिवार, सकाळी ७.०५

या काकू. तुमच्यासाठी बाजूला खुर्ची ठेवतो. तिला काय आवडतं ते मला सांगू नका, मी तिलाच विचारतो. बाकीच्यांनी येताना दहाच्या नोटा आणा, माझ्याकडे त्या दिवशी तेवढी मोड नसेल. आणि प्रत्येकानं आपापली पिशवी.